जॅकलीन द्यू प्रे कशी ऐकावी

सुरुवात दुसऱ्या भागापासून करा. एडवर्ड एल्गार या इंग्लिश संगीतकाराचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एका चेलोने वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची रचना, १९६५ ची रेकॉर्ड, दुसरा भाग. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य. जेमतेम साडेचार मिनिटांचा आहे. सुरुवातीला ती तारा बोटाने छेडते, मग एकच स्वर भरभर वाजवून बघते, थांबते, पुन्हा वाजवून बघते आणि मग एकदम सुटते. सुपात पाखडताना तांदूळ उडतात तसा गज तारेवर उडत राहतो. वाजवणारी मुलगी, इंग्लंडची चेलोवादक जॅकलीन द्यू प्रे, वीस वर्षांची आहे आणि मजेत आहे.

असं का सांगते? तिचं नाव शोधलं की आधी समोर येतो याच रचनेचा पहिला भाग, त्यातले ते चार जड कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरगुच्छ) आणि सोबत तिच्या आजाराची गोष्ट. बेचाळिसाव्या वर्षी गेली, अठ्ठाविसाव्या वर्षी हात थांबले, बिचारी. एकदा हे कानात बसलं की पुढचा प्रत्येक सूर रडताना ऐकू येतो. मग आपण तिला ऐकत नाही, तिच्या आजाराला ऐकतो. मी स्वतः वीस वर्षं तशीच ऐकत होते.

मी मूळची मिरजेची. आमचं घर सतारमेकर गल्लीच्या टोकाला होतं. शाळेतून येताना दारादारात भोपळे वाळत घातलेले दिसायचे आणि कुणीतरी तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत बसलेलं असायचं. चेलो मात्र मी नोकरीला लागेपर्यंत पाहिलाही नव्हता. पुण्यात बँकेत असताना एका सहकाऱ्याने जॅकलीनची कॅसेट दिली, तिच्या आजाराच्या गोष्टीसकट. पुढे माझ्या धाकट्या बहिणीला तोच आजार निघाला, मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायची. निदान व्हायच्या आधी एका डॉक्टरांनी, मनावर ताण आहे म्हणून मुंग्या येतात, असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. जॅकलीनच्या बाबतीतही आधी हेच झालं होतं. बोटं बधिर पडायला लागली तेव्हा दोष मनाला दिला गेला.

मैफलीला आम्ही दोघी जातो तेव्हा ओळखीचे लोक ती शेजारी बसलेली असताना मला विचारतात, “कशी आहे ही आता?” एकदा घरी आल्यावर धाकटी म्हणाली, “ताई, त्या तुझ्या चेलोवालीचंही असंच करतेस तू. ती काय वाजवतेय हे कधी सांगत नाहीस. तिला काय झालं होतं तेच सांगतेस.” मला ते लागलं, कारण खरं होतं. त्यानंतर मी नव्याने क्रम लावला आणि दोघींनी मिळून सात संध्याकाळी तिचं वादन पुन्हा ऐकलं. तोच क्रम इथे देते.

बसायच्या आधी

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलोची सर्वांत खालची तार सी या स्वराला लावतात. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक. पांढरी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज जिथे बोलतो, बरोबर तिथेच ती तार बोलते, सेकंदाला सुमारे ६५ कंपनं. मोबाइलच्या स्पीकरमधून हा खर्ज येतच नाही, फक्त वरची खरखर येते. साधा हेडफोन चालेल, घरातले जुने मोठे स्पीकर असतील तर फारच उत्तम. त्या तारेच्या वर आणखी तीन तारा, प्रत्येक आधीच्या तारेच्या पंचमावर लावलेली. सर्वांत वरची तार पांढरी सहाची. म्हणजे पुरुषाच्या खर्जापासून बाईच्या तार षड्जाच्याही पुढे हे एकच वाद्य जातं. चेलो माणसासारखा गातो असं लोक म्हणतात त्याचं अर्धं कारण इतकं साधं आहे.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे त्याला पडदे नाहीत. बोट घसरवत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाता येतं. पाश्चात्त्य वादक त्याला पोर्टामेंटो म्हणतात, आपल्या कानाला ती मींड वाटते. आपल्याकडे या वाद्यावर धृपद वाजवणाऱ्या नॅन्सी कुलकर्णी झाल्या. त्या मूळच्या अमेरिकन, पाश्चात्त्य चेलो शिकलेल्या, आणि त्यांनी रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे तालीम घेतली. चेलोत मींड किती मावते हे ऐकायचं तर त्यांचा आलाप ऐका. जॅकलीनचं घसरणं त्याहून आखूड असतं, पण तिच्या काळातल्या इतर वादकांपेक्षा बरंच मोकळं. सुरुवातीला तेवढी एकच गोष्ट कानाने पकडत राहा. कोणत्या स्वरावर ती सरळ उतरते आणि कोणत्या स्वराकडे घसरत जाते?

एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर ऐकू नका. धाकटीला थकवा लवकर येतो आणि उन्हाळ्यात दुपारी तर जास्तच, म्हणून आमच्या बैठका दिवेलागणीनंतर व्हायच्या. पण धडधाकट कानालाही इतकंच पुरतं.

पहिली बैठक: छोट्या चिजा

१९६२ च्या जुलैत, सतरा वर्षांची असताना, तिने ईएमआय कंपनीसाठी काही छोट्या रचना वाजवल्या. त्यांतली पाराडिसच्या नावावर असलेली ‘सिसिलिएन’ आणि साँ-साँसचा ‘हंस’ या दोन लावा. ‘हंस’मध्ये साथीला हार्प आहे. दोन्ही तीन-तीन मिनिटांच्या आत-बाहेर.

या रचना सोप्या समजल्या जातात. शिकाऊ मुलंही वाजवतात. म्हणूनच घ्यायच्या. ठुमरीतली एखादी ओळ सगळ्यांच्या तोंडी असते, पण ती कुणी कशी म्हटली यावरून गाणारा कळतो, तसंच हे. ‘हंस’मध्ये लांब ओळ येते. मधे गजाची दिशा बदलावीच लागते, वरून खाली, खालून वर. ती जागा कानाने शोधायचा प्रयत्न करा. मला ती बऱ्याचदा सापडत नाही.

आता तिचं लहानपण थोडक्यात. जन्म ऑक्सफर्डचा, २६ जानेवारी १९४५. आई आयरिस उत्तम पियानो वाजवायची आणि शिकवायची. पाचवं वर्ष लागायच्या सुमारास मुलीने रेडिओवर चेलो ऐकला आणि तो आवाज काढणारं वाद्य हवं म्हणून सांगितलं. आई तिच्यासाठी छोट्या सुरावटी लिहायची, कडेला चित्रं काढायची आणि रात्री मुलगी झोपल्यावर तिच्याजवळ ठेवून द्यायची. सकाळी उठल्याबरोबर पोरगी त्या वाजवून बघायची. धाकटीला हा तपशील फार आवडला. आमची आई भाकऱ्या थापताना परवचा म्हणून घ्यायची, ते तिला आठवलं.

दहाव्या वर्षापासून गुरू विल्यम प्लीथ. ती त्यांना ‘चेलो डॅडी’ म्हणायची. नंतर तिने झर्माटला पाब्लो कासाल्सच्या वर्गात, पॅरिसला पॉल टॉर्टेलिएकडे आणि १९६६ मध्ये मॉस्कोत रोस्त्रोपोविचकडे धडे घेतले, पण पाया प्लीथांचा. अकराव्या वर्षी तिला सुजिया पारितोषिक मिळालं. ग्विलेर्मिना सुजिया ही पोर्तुगीज चेलोवादक. आपला स्ट्रॅडिव्हेरियस चेलो विकून येणाऱ्या पैशातून तरुण वादकांना मदत व्हावी अशी व्यवस्था ती करून गेली. १९५६ मध्ये परीक्षकांत वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) जॉन बार्बिरोली होते. हे नाव लक्षात ठेवा, तिसऱ्या बैठकीत ते परत येणार आहेत.

दुसरी बैठक: एकटीचं वाजवणं

१ मार्च १९६१ ला लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये तिची पहिली मोठी मैफल झाली. वय सोळा. हँडलचा सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना) सुरू झाला आणि थोड्याच वेळात एक तार उतरत चालली. बोटं सरकवून सरकवून किती वेळ सावरणार? ती थांबली, श्रोत्यांची माफी मागून आत गेली, तार नीट केली आणि परत येऊन पहिल्यापासून वाजवलं. भरल्या सभेत तंबोरा उतरला तर मुरलेल्या गवयाचाही जीव खालीवर होतो. ही सोळा वर्षांची होती आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं.

त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण मी ऐकलेलं नाही. त्याऐवजी बीबीसीसाठी १९६२ मध्ये वाजवलेले बाखचे पहिले दोन सुइट, म्हणजे नाचाच्या सुरावटींच्या माळा, घ्या. सोबत पियानो नाही, कुणी नाही. पहिल्या सुइटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, लावा. सुरुवातीच्या चार मापांत (तालाच्या छोट्या आवर्तनांत) खालचा जी स्वर जागचा हलत नाही, त्याच्यावर बाकीचे स्वर उमलत जातात. तो जी म्हणजे तंबोऱ्याचा षड्ज असं समजा आणि वरचं गाणं ऐका. तंबोरा ऐकत वाढलेल्या माणसाला बाख इथून आत येऊ देतो. मला तरी इथूनच आत जाता आलं.

या रेकॉर्डिंगमध्ये कच्चेपणा आहे. दुसऱ्या सुइटमध्ये ती काही ठिकाणी इतकी रेंगाळते की लय निसटते. ते ऐकून घ्या, दुर्लक्ष करू नका. पुढे काय सुधारलं आणि काय तिने मुद्दाम तसंच ठेवलं हे कळायला उपयोगी पडतं.

तिसरी बैठक: एल्गार, आणि घाई नको

या रचनेला आम्ही एकच संध्याकाळ दिली. तुम्ही चार द्या.

आधी रचनेबद्दल, कारण तिच्यातलं दुःख कुणाचं आहे हे माहीत असायला हवं. एडवर्ड एल्गार पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स नावाच्या झोपडीवजा घरात राहत होता. फ्रान्समधल्या तोफांचा आवाज रात्री समुद्रापलीकडून तिथे ऐकू यायचा. १९१८ मध्ये लंडनला त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर त्याने कागद-पेन्सिल मागितली आणि एक सुरावट लिहून ठेवली. तीच पुढे या कॉन्चेर्टोची मुख्य धून झाली. २७ ऑक्टोबर १९१९ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला आणि तो फसला. कार्यक्रमातल्या इतर रचनांच्या संचालकाने तालमीचा वेळ खाऊन टाकला होता, वादकांना एल्गार धड बसलाच नव्हता. एल्गार तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये त्याची बायको अ‍ॅलिस गेली. त्यानंतर त्याच्या हातून या तोलाची मोठी रचना पूर्ण झाली नाही.

हे दुःख एका म्हाताऱ्या माणसाचं आहे. त्याचं जग युद्धात गेलं होतं. वीस वर्षांच्या मुलीचं ते नव्हतं. तिने ते वाजवलं, जसं तरुण गायिका विरहिणी गाते. १९ ऑगस्ट १९६५ ला किंग्जवे हॉलमध्ये ती लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत बसली तेव्हा तिचा आजार कळायला अजून आठ वर्षं होती. तिला पुढचं दिसत होतं, म्हणून असं वाजवलं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तसं म्हटलं की तिची मेहनत, तालीम, बुद्धी सगळी आजाराच्या खात्यावर जमा होते.

संचालक म्हणून समोर उभे होते जॉन बार्बिरोली. अकरा वर्षांच्या मुलीला पारितोषिक देणारे तेच. १९१९ च्या त्या फसलेल्या प्रयोगात ते वाद्यवृंदात चेलो वाजवत होते आणि दोनच वर्षांनी बोर्नमथला त्यांनी स्वतः ही रचना मुख्य वादक म्हणून वाजवली होती. तिच्या वादनात भावनेचा अतिरेक होतो अशी टीका व्हायची तेव्हा ते म्हणत की तरुणपणी सगळं थोडं जास्तच असावं, नाहीतर पुढे वय वाढेल तसं छाटणार काय?

ऐकायचं कसं ते आता सांगते. दुसरा भाग तुम्ही ऐकलेलाच आहे. आता पहिला लावा.

पहिल्यांदा फक्त ते चार कॉर्ड ऐका आणि बंद करा. चेलोवर चारही तारा एकाच वेळी वाजत नाहीत, घोडी कमानीसारखी असते, गज एका वेळी जेमतेम दोन तारांवर टेकतो. म्हणून कॉर्ड फोडून वाजवावा लागतो, आधी खालच्या तारा, मग वरच्या. खालच्या तारांना किती वेळ द्यायचा हे वादकावर. जॅकलीन खाली इतकं वजन देते की वरचा स्वर ओढून काढल्यासारखा येतो.

दुसऱ्यांदा पुढे जाऊ द्या. कॉर्ड संपतात आणि मुख्य धून सुरू होते, पण ती चेलोकडे नाही. ती व्हायोलांकडे, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या वाद्यांकडे, आहे आणि त्यांच्याखाली कुणीही नाही. रिकाम्या माळावर एखादी ओवी ऐकू यावी तसं वाटतं. मग चेलो तीच धून उचलतो. व्हायोलांनी सरळ म्हटलेली ओळ ती कशी म्हणते याची तुलना करा. बंदिश एकच, आधी शिष्याने म्हणावी, मग गुरूने.

तिसऱ्यांदा ती खालून वर चढत जाणारी सरगम शोधा. सुरुवातीपासून साधारण दोन-तीन मिनिटांनी येते. ती वरच्या ई स्वरापर्यंत पोचते आणि सगळा वाद्यवृंद कोसळतो. चढताना ती वेग वाढवत नाही. वर जाताना प्रत्येक पायरी अवघड व्हावी तसं वाजवते. इथे धाकटी पहिल्यांदा बोलली: “ती धावत नाहीये. चढतेय.” स्वतः जिना चढताना ती कठड्याला धरून पाय मोजते, त्यामुळे हा फरक तिला माझ्याआधी कळला.

तिसरा भाग पाच मिनिटांचा आणि संथ. त्याबद्दल मी काही सांगणार नाही, लावा आणि गप्प बसा. चौथ्या भागात शेवटाकडे वेग मंदावतो, तिसऱ्या भागातली धून क्षणभर परत येते, मग पहिल्या भागातले कॉर्ड परत येतात आणि मग झटक्यात सगळं संपतं. आठवण यावी आणि माणसाने उठून कामाला लागावं तसा तो शेवट आहे.

ऑर्केस्ट्रा नवीन असेल तर अडखळायला होईल, कुठे बघायचं कळणार नाही. क्रिस्टोफर न्यूपेनने १९६७ मध्ये बनवलेल्या माहितीपटात ती हीच रचना वाजवताना दिसते. बारेनबॉइम संचालक आहे. रेकॉर्ड दोन-तीनदा ऐकल्यावर तो बघा, आधी नको. आधी बघितला तर तिचे केस, हलणारं शरीर, चेहरा यांतच लक्ष जातं. बघाल तेव्हा उजव्या हाताचं मनगट बघा.

चौथी बैठक: सोबतीचं वाजवणं

पियानिस्ट डॅनिएल बारेनबॉइम तिला १९६६ च्या नाताळात भेटला आणि १५ जून १९६७ ला, इस्रायल-अरबांचं सहा दिवसांचं युद्ध संपल्यावर लगेच, जेरुसलेमला त्यांचं लग्न झालं. त्यासाठी तिने ज्यू धर्म स्वीकारला. लग्नाला साक्षीदार होता मुंबईचा पारशी झुबिन मेहता. साक्षीदार ज्यू हवा म्हणून त्याला त्या दिवसापुरतं ‘मोशे कोहेन’ करण्यात आलं.

हाच झुबिन मेहता ऑगस्ट १९६९ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये तिच्याबरोबर डबल बास, म्हणजे चेलोहूनही मोठं, खालच्या आवाजाचं वाद्य, घेऊन उभा राहिला. शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचक. पियानोवर बारेनबॉइम, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, व्हायोलावर पिंकस झुकरमन. सगळे विशी-तिशीतले, सगळ्यांत मोठा मेहता, तेहतीस वर्षांचा. यावरही न्यूपेनचा माहितीपट आहे आणि हा मात्र आधी बघूनच ऐका. पडद्यामागे हे पाचजण एकमेकांची वाद्यं घेऊन खिदळत असतात. झुबिनचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलगा व्हिएन्नाला शिकायला गेला तेव्हा डबल बास शिकला, त्याचा इथे उपयोग झाला.

आणि तो बास इथे महत्त्वाचा आहे. एरवी चौकडीत सर्वांत खालची बाजू चेलोला सांभाळावी लागते. शूबर्टने १८१९ मध्ये हे पंचक लिहिलं ते एका हौशी चेलोवादकाच्या सांगण्यावरून. खाली डबल बास असल्यामुळे चेलो मोकळा होतो, त्याला वर जाऊन गाता येतं. चौथ्या भागात मासोळीच्या गाण्यावर फेरफार आहेत, एकेका वाद्याला पाळी येते. पाचव्या फेरफारात चेलो पुढे येतो. तिथे जॅकलीन आवाज वाढवत नाही, उलट जरा कमीच करते, आणि बाकीचे चौघे तिच्यासाठी वाट करून देतात.

कुणाला आणखी हवं असेल तर १९७० च्या एडिनबरो महोत्सवातले बेथोव्हनचे सोनाटे आहेत. ए मेजरचा सोनाटा घ्या. त्यात पहिली ओळ चेलो एकट्यानेच म्हणतो, पियानो ऐकत थांबलेला असतो. प्रत्यक्ष मैफलीतलं ध्वनिमुद्रण आहे, श्रोते खोकतात. मला ते आवडतं. हॉल भरलेला आहे हे कळतं.

पाचवी बैठक: वाद्य बदललं की

मिरजेची म्हणून हे मला सांगावंसं वाटतं, इतर कुणी सोडून दिलं तरी चालेल. तिच्याकडे दोन स्ट्रॅडिव्हेरियस होते, एक १६७३ सालचा, दुसरा १७१२ सालचा. तिच्या धर्ममातेने ते तिला मिळवून दिले. दुसऱ्याला ‘दाविदॉव्ह’ म्हणतात आणि आज तो यो-यो मा वाजवतात. तरीही १९७० पासून तिने हातात घेतला तो फिलाडेल्फियाच्या सर्जिओ पेरेसॉनने नव्याने बनवलेला चेलो. अडीचशे वर्षं मुरलेलं लाकूड बाजूला ठेवून कालचं लाकूड.

आमच्या गल्लीत नव्या तंबोऱ्याबद्दल म्हणायचे की तो अजून बोलायला लागला नाही, वाजवत राहा. जॅकलीनने तेच केलं असावं, पण तिची गरजही वेगळी होती. ती गजावर प्रचंड वजन टाकायची. जुनं नाजूक वाद्य हवापाणी बदललं की रुसतं, मोठ्या सभागृहात वाद्यवृंदाच्या वर आवाज काढायचा तर काटक वाद्य लागतं. फरक ऐकायचा तर नोव्हेंबर १९७० मध्ये फिलाडेल्फियाला बारेनबॉइमबरोबर प्रत्यक्ष मैफलीत वाजवलेला एल्गार लावा आणि लगेच १९६५ चा. नव्या वाद्याचा आवाज रुंद आहे, थोडा खडबडीत. वादनही जास्त ऐसपैस, जास्त थांबणारं. पुष्कळ लोकांना हे दुसरं आवडतं. मी १९६५ बरोबर आहे. दुसऱ्यात काही ओळी इतक्या ताणल्या जातात की वाक्य सुटतं.

सहावी बैठक: डिसेंबर १९७१

त्या वर्षी बोटांतली जाणीव कमी व्हायला लागली होती. महिनोन्‌महिने तिने चेलो बाजूला ठेवला होता. डिसेंबरात हात एकदम बरा वाटला तेव्हा ती बारेनबॉइमबरोबर स्टुडिओत गेली आणि शोपाँचा सोनाटा आणि सेझार फ्रँकचा व्हायोलिन सोनाटा, चेलोसाठी केलेला, असे दोन वाजवले. स्टुडिओतलं तिचं हे शेवटचं पूर्ण ध्वनिमुद्रण.

आता तुम्हाला हे माहीत आहे, तरी कृपा करून त्यात आजार शोधू नका. सापडत नाही. शोपाँचा तिसरा भाग लावा, लार्गो, तीन-चार मिनिटांचा. पियानो आणि चेलो एकमेकांकडे ओळ देतात-घेतात. इथे जॅकलीन आधीपेक्षा कमी बोलते. घसरणं कमी, थरथर कमी, ओळ सरळ. बार्बिरोली म्हणाले होते तशी छाटणी सुरू झालेली मला इथे ऐकू येते. फ्रँकच्या शेवटच्या भागात पियानो एक ओळ म्हणतो आणि चेलो तीच ओळ एका मापाने मागून म्हणत जातो, वारीत पुढच्या दिंडीचा अभंग मागच्या दिंडीने उचलावा तसं. आमच्या सात संध्याकाळींत सर्वांत आनंदाची संध्याकाळ ही होती.

सातवी बैठक

यात नवीन काही लावायचं नाही, पण सांगायचं आहे. ८ फेब्रुवारी १९७३ ला लंडनला तिने शेवटचा एल्गार वाजवला, संचालक झुबिन मेहता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला लेनर्ड बर्नस्टाइनच्या हाताखाली, झुकरमनबरोबर, ब्राह्म्सचा डबल कॉन्चेर्टो चार वेळा वाजवायचा होता. तेव्हा वाद्याची पेटी उघडणंही तिला जड जात होतं. तारेवर बोट कुठे पडलंय हे बोटाला कळत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघून ठेवायची. तीन प्रयोग तिने तसे वाजवले, चौथा सोडला. ऑक्टोबरमध्ये निदान झालं. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच नसांचं आवरण खाते. त्याला थोडाफार आवर घालणारं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये, आणि ती गेली १९ ऑक्टोबर १९८७ ला. धाकटी आठवड्याचं इंजेक्शन स्वतः टोचून घेते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “सहा वर्षांनी चुकलं तिचं.”

मधली चौदा वर्षं ती नुसती पडून नव्हती. हात चालेना तेव्हा शिकवायला लागली, टीव्हीवर तिचे मास्टरक्लास झाले. चेलो हातात न घेता, गाऊन आणि बोलून ती सांगायची. ते मिळाले तर जरूर बघा. तिच्या घरच्यांवर आणि लग्नावर बेतलेला चित्रपट मात्र सगळ्यांत शेवटी, आणि नाही बघितला तरी काही अडत नाही.

भेटायला आलेल्यांसमोर ती स्वतःच्या रेकॉर्डी लावायला सांगायची. म्हणून सातव्या संध्याकाळी आम्ही १९६५ चा एल्गार लावला, पहिल्यांदाच सलग, सगळा अर्धा तास. दिवा मालवला नाही. धाकटीचा उजवा हात मांडीवर होता, डावा खुर्चीच्या हातावर. पहिला भाग संपला, चेलो बोटांनी छेडला गेला, तो एकच स्वर भरभर वाजून थांबला, पुन्हा वाजला.

“ताई,” ती म्हणाली, “आवाज वाढव.”